जपानी कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) लक्षात राहण्यासाठी नेमकं काय करावं?

कोरी_पाटी
हिरागाना-काताकाना (जपानीच्या दोन उच्चारलिप्या) पक्कं आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन५ या सर्वांत सोप्या पातळीच्या कांजी दिसल्या की ओळखूही येतात. पुढे गाडी अडते. अर्थ आठवतो तर उच्चार आठवत नाही, उच्चार आठवला तर तो त्या शब्दात चालत नाही. 'मात्सु' (वाट पाहणे) आणि 'मोत्सु' (हातात धरणे) शेजारी ठेवल्या तर फरक कळतो, वेगवेगळ्या पानांवर आल्या की एकच वाटतात. जाणकारांना विचारायचं आहे:
ओन-कुन (चिनीतून आलेली आणि मूळ जपानी) वाचनं सगळी पाठ करायची का? रोज किती कांजी? हाताने लिहिणं खरंच गरजेचं आहे का? आणि क्रम कुठला, शाळेच्या इयत्तांचा की जेएलपीटीचा?

उभा_दांडा
आधी एक खुलासा. इथे कांजी टंकल्या की काहींना नुसते चौकोन दिसतात, म्हणून उच्चार देवनागरीत लिहितो. लांब 'ओ' साठी 'ओउ' आणि लांब 'ए' साठी 'एइ'.

ओन-कुनचे तक्ते पाठ करणं आजपासून बंद करा. पाण्याची कांजी घ्या. एकटी आली की 'मिझु', जोडशब्दात आली की 'सुइ': सुइएइ म्हणजे पोहणं, सुइदोउ म्हणजे नळाचा पाणीपुरवठा. आपणही पाणी पितो, पण पोहण्याच्या स्पर्धेला जलतरण म्हणतो आणि पाइपलाइनला जलवाहिनी. 'पाणी' आणि 'जल' कुठे वापरायचं याचा तक्ता कुणी पाठ केलेला नसतो, शब्द तोंडात बसलेले असतात. कुन म्हणजे मूळचा जपानी शब्द, ओन म्हणजे चिनीतून आलेला. ओन बहुतेक जोडशब्दांत राहतो.

त्यातून दोन ठोकताळे निघतात. कांजीला हिरागानाचं शेपूट (ओकुरिगाना) असेल तर वाचन कुन. दोन कांजी शेपटाशिवाय चिकटल्या असतील तर बहुधा दोन्हींचं ओन. 'बहुधा' महत्त्वाचं: तेगामी (पत्र) मध्ये दोन्ही कुन आहेत, बाशो (जागा) मध्ये पहिलं कुन, दुसरं ओन. क्योउ (आज) आणि ओतोना (प्रौढ माणूस) यांचं वाचन तर अख्ख्या शब्दाचं असतं. त्याचे तुकडे पाडून कुठला उच्चार कुठल्या कांजीचा हे शोधत बसू नका, सापडणार नाही.

तक्त्याचा मार्ग किती वाईट आहे ते बघायचं तर जन्म-जगणं या अर्थाची कांजी उघडा. जोयो यादीतच (नेहमीच्या वापरातल्या कांजींची जपानची अधिकृत यादी) तिची बारा वाचनं आहेत. ती पाठ करून सेन्सेइ (शिक्षक) वाचता येत नाही. उलट सेन्सेइ, गाकुसेइ (विद्यार्थी) आणि उमारेरु (जन्मणे) हे तीन शब्द आले की 'सेइ' आणि 'उ' आपोआप बसतात. तान्जोउबी (वाढदिवस) भेटेल तेव्हा 'जोउ' शिका. एका कांजीमागे सुरुवातीला दोन, फार तर तीन शब्द पुरे.

रेघोट्या
वरच्याशी सहमत, पण शब्दांच्या आधी एक पायरी आहे: कांजी फोडता यायला हवी. रेषांचं जाळं म्हणून बघाल तर तीनशेच्या पुढे डोकं चालणार नाही. भाग म्हणून बघाल तर दोन हजार कांजींत तेच तेच तुकडे फिरताना दिसतील.

पारंपरिक मूलघटक २१४ आहेत, पण सगळे घोकू नका. सुरुवातीला पन्नासेक पुरतात: डावीकडचे पाण्याचे तीन थेंब (सान्झुइ), माणूस (निन्बेन), हात (तेहेन), झाड (किहेन), बोलणं (गोन्बेन), डोक्यावरचं गवत (कुसाकान्मुरी), छप्पर (उकान्मुरी), खालून वेढणारा रस्ता (शिन्न्योउ). जपानी नावंही शिका. '-हेन' म्हणजे डावा भाग, '-कान्मुरी' म्हणजे माथा, '-न्योउ' म्हणजे डावीकडून खाली वळणारा, '-कामाए' म्हणजे वेढा. नावातच जागा कळते.

आता खरी गंमत. बहुतेक कांजींत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा ओन उच्चार सांगतो. 'सेइ' (निळा) घ्या. त्याला पाण्याचे थेंब लावले की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र आकाश, बोलणं लावलं की विनंती, तांदूळ लावला की सत्त्व. चारही 'सेइ'. हृदयाचा भाग लावला की मात्र भावना, आणि तिचं नेहमीचं वाचन 'जोउ'. दुसरं कुटुंब 'हान' चं: अन्न लावून भात-जेवण, झाड लावून फळी, शिंपला लावून विक्री, माती लावून चढण. रस्ता लावलेली (परत देणे) तेवढी 'हेन' निघते.

अशी कुटुंबं एकत्र शिकली की नव्या शब्दाचा ओन अंदाजाने सांगता येतो. वहीत एका पानावर एक कुटुंब ठेवा. मधे उच्चाराचा भाग, भोवती सदस्य, आणि प्रत्येकाखाली एक खरा शब्द. फटकून वागणारा सदस्य लाल शाईने.

निशाचर७
हे ऐकायला छान आहे, पण धाग्यातल्या प्रश्नाचीच जोडी घ्या. 'मात्सु' आणि 'मोत्सु' दोन्हींत उजवीकडे देऊळ आहे आणि देवळाचा ओन 'जि'. वेळ 'जि', हातात धरणेचा ओनही 'जि', इथवर ठीक. पण वाट पाहणेचा 'ताइ', विशेष या अर्थाच्या कांजीचा 'तोकु', कवितेचा 'शि', आणि वर बांबू लावला की 'तोउ'. सहांत दोनच पास.

रेघोट्या
बरोबर, देवळाचं कुटुंब बदनामच आहे. नवशिक्याच्या हाती आधी तेच लागतं आणि त्याचा पद्धतीवरचा विश्वास उडतो. म्हणून सुरुवात प्रामाणिक कुटुंबांपासून करा: 'सेइ', 'हान', 'होउ' (गुंडाळणे: मिठी, पेशी, तोफ, बुडबुडा), 'हाकु' (पांढरा: मुक्काम, टाळीचा ठोका), 'को' (जुना: तळं, सुकणं, घट्ट). देऊळ सर्वांत शेवटी, आणि ते उच्चारासाठी नव्हे, डावा भाग ओळखण्यासाठी.

@कोरी_पाटी, तुमच्या जोडीचा उपायही तिथेच आहे. दोन्हींत नऊ रेषा, उजवा भाग तोच. डावीकडे वरून दोन तिरप्या रेषा आणि खाली उभी असेल तर ते ग्योउनिन्बेन, जाण्या-येण्याशी नातं असलेलं: कुणीतरी येणार आहे, वाट पाहा. उभ्या रेषेला खाली आकडा (हूक) असून दोन रेघा तिला छेदत असतील तर ते तेहेन, हात: धरा. उजवीकडे बघूच नका, तिथे माहिती नाही.

पानगळ
+१. दिसायला सारख्या कांजींबद्दल एक भर. त्या वेगवेगळ्या दिवशी भेटतात म्हणून घोळ होतो. एकाच कार्डावर शेजारी आणून फरकाची जागा बोटाने दाखवावी लागते.
'मि' (अजून नाही; मिराइ म्हणजे भविष्य) आणि 'मात्सु' (शेवट; शूमात्सु म्हणजे शनिवार-रविवार): दोन्ही म्हणजे झाडावर एक जादा आडवी रेघ. वरची आखूड, खालची लांब तर 'मि'. वरची लांब तर 'मात्सु'. माती आणि 'शि' (योद्धा, शिक्षित पुरुष) यांतही हाच खेळ आहे: तळाची रेघ लांब तर माती, वरची लांब तर 'शि'. दाराच्या चौकटीतल्या कांजींना आत काय आहे ते विचारा. तोंड असेल तर प्रश्न, कान असेल तर ऐकणं, सूर्य असेल तर मधलं अंतर.

टिपकागद
रोज किती, याबद्दल. आन्की किंवा तसलंच उजळणीचं अ‍ॅप वापरणार असाल तर हिशेब नव्या कार्डांचा न करता उजळणीचा करा. रोज १० नवी कार्डं घातली की काही आठवड्यांत रोजची उजळणी साधारण ७० ते १०० कार्डांवर स्थिरावते. पहिल्या आठवड्यात हे जाणवत नाही, म्हणून लोक २५-३० घालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढीग कोसळतो आणि अ‍ॅप उघडणंच बंद होतं. नोकरी-कॉलेज सांभाळून ५ ते ८ बरी. ८ धरली तरी जपानी प्राथमिक शाळेच्या १०२६ कांजी सव्वाचार महिन्यांत एकदा नजरेखालून जातात. त्या मुरायला अर्थातच त्याहून जास्त वेळ लागतो.

ढीग साचलाच तर नवी कार्डं शून्यावर आणा, जुनी ठरावीक संख्येने रोज उपसा. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका, जे लक्षात आहे त्याचीही मोजणी त्यात जाते.

कार्ड कसं असावं: पुढे छोटं वाक्य, शिकायचा शब्द ठळक. उदा. 'एकी दे तोमोदाची ओ मात्सु' (स्टेशनवर मित्राची वाट पाहतो), अर्थात जपानी लिपीत. मागे फक्त त्या शब्दाचं वाचन हिरागानात, अर्थ, जमल्यास आवाज. सुटी कांजी पुढे आणि पाच वाचनं मागे असलेलं कार्ड म्हणजे रोज स्वतःशी भांडण: तीन आठवली, दोन नाही, आता 'बरोबर' दाबायचं की 'चूक'?

सेटिंगपैकी दोनच गोष्टी बघा. एफएसआरएस (उजळणी कधी करायची ते ठरवणारी आन्कीतली पद्धत) चालू करा आणि त्यातलं अपेक्षित स्मरण मूळचं ९०% आहे तेच ठेवा. ९७ वर नेलं की उजळणी कित्येक पटींनी फुगते आणि हाती फार काही लागत नाही. दुसरं, एकच कार्ड आठ वेळा विसरलं की आन्की त्याला 'लीच' म्हणून खूण करतं. अशा कार्डाला नवव्यांदा भिडू नका. दोष जवळपास नेहमी कार्डाचा असतो: सारखी दिसणारी दुसरी कांजी डोक्यात आहे, किंवा शब्दच अनोळखी आहे. पानगळ म्हणतात तसं जोडीचं कार्ड करा, नाहीतर वाक्य बदला.

निशाचर७
हाताने लिहिण्याचं माझं मत: गरज नाही. जेएलपीटीत सगळे प्रश्न बहुपर्यायी, एकही कांजी लिहावी लागत नाही. फोनवर काना (हिरागाना-काताकाना) टंकून यादीतून निवडायची असते. दोन हजार कांजी लिहायला लागणारा वेळ वाचनात घाला.

उभा_दांडा
परीक्षेपुरतं खरं आहे. पण पहिल्या दोनशे-तीनशे लिहाव्यात, कारण लिहिल्याशिवाय डोळा तपशील पकडत नाही. वर 'मि' आणि 'मात्सु' चा जो फरक सांगितला, तो दोन्ही एकेकदा लिहिणारा सहसा विसरत नाही. त्यापुढे फक्त घोळ घालणाऱ्या जोड्या लिहा. कान्जी केन्तेइ (जपानमधली खास कांजींची परीक्षा) द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लेखन येतंच. तिची दुसरी पातळी म्हणजे अख्खी जोयो यादी.

लिहायची रीत मात्र बदला. बघून बघून वीस वेळा उतरवलं की पाचव्या वेळेपासून फक्त हात चालतो. कांजी बघा, झाका, आठवून लिहा, उघडा, जुळवा. चुकलेली रेषा कुठली ते बघून परत. एका बैठकीत तीनदा पुरे, पुढची फेरी दुसऱ्या दिवशी. चौकटीच्या वहीत, चौकट दीडेक सेंटिमीटरची, मधे फुलीच्या पुसट रेषा असतील तर उत्तम. भागांचं प्रमाण तिथेच कळतं. डावा भाग साधारण तिसरा हिस्सा घेतो, नवशिके त्याला अर्धी चौकट देतात आणि उजवा भाग गुदमरतो.

रेषांचा क्रम थोडक्यात: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आणि उभी छेदत असतील तर आधी आडवी. दोन्ही बाजू सारख्या असतील तर मधली आधी (मिझु; यामा म्हणजे डोंगर). आरपार जाणारी उभी रेघ शेवटी (नाका म्हणजे मध्य, कुरुमा म्हणजे गाडी). वेढा आधी, आतला मजकूर मग, तळाची झाकण-रेघ सर्वांत शेवटी (कुनि म्हणजे देश). शिन्न्योउ शेवटी येतो, पण धावण्याचा '-न्योउ' (ओकिरु, उठणे) आधी लिहायचा. आणि दोन खोडकर: मिगि (उजवा) ची सुरुवात तिरप्या रेषेने, हिदारि (डावा) ची आडव्या रेषेने. क्रम चुकला तरी वाचणाऱ्याला कळतं, पण शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये बोटाने रेखाटून शोधताना आणि दुसऱ्याचं घाईतलं अक्षर वाचताना त्याचा उपयोग होतो.

पानगळ
आकडा आणि टोक यांवरून फार छळ करून घेऊ नये, हेही सांगायला हवं. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने (बुन्काचोउ) २०१६ साली मार्गदर्शिका काढली. तिचं सार असं, की अक्षराचा सांगाडा तोच असेल तर टोक थांबवलं की उडवलं एवढ्यावरून कांजी चूक ठरत नाही. छापील 'रेइ' (आज्ञा) चा तळ उभ्या दांड्याने संपतो, हाताने लिहिताना काताकानातल्या 'मा' सारखा. दोन्ही बरोबर. रेघांची लांबी जिथे अर्थ बदलते (माती आणि 'शि'), तिथे मात्र सूट नाही.

रेघोट्या
क्रमाबद्दल. जोयो यादीत २१३६ कांजी आहेत, २०१० च्या सुधारणेनंतर. आधीच्या १९८१ च्या यादीत १९४५ होत्या. त्यातल्या १०२६ प्राथमिक शाळेत सहा इयत्तांत शिकवतात: ८०, १६०, २००, २०२, १९३, १९१. हा क्रम जपानी मुलांसाठी आहे, ज्यांना शब्द आधीच येतात. त्यामुळे पहिलीत किडा, शिंपला, बांबू भेटतात आणि वाताशि (मी) थेट सहावीत. चौथीत २०२० पासून प्रांतांच्या नावांसाठी २० कांजी वाढल्या, त्यातल्या बऱ्याच तुम्हाला नकाशाबाहेर क्वचित दिसतील.

जेएलपीटीच्या नावाने फिरणाऱ्या याद्या अंदाजाच्या आहेत. २०१० मध्ये पाच पातळ्या आल्यापासून आयोजक कांजींची अधिकृत यादी देत नाहीत. एन५ ला शंभरेक, एन४ ला तीनशेच्या आसपास, एन१ ला दोन हजार हे ढोबळ आकडे समजा.

माझा कौल: पहिली-दुसरीच्या २४० शाळेच्या क्रमाने करा. तो किडा-शिंपला फुकट जात नाही, पुढे भाग म्हणून कामाला येतो. शिंपला तर विकणं-खरेदी-पैशाच्या निम्म्या कांजींत बसलेला आहे. त्यानंतर इयत्ता सोडा आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या, वाचनातल्या शब्दांच्या क्रमाने चला.

टिपकागद
ओन वाचनं जुळताना आवाज बदलतो, त्याचं कोष्टक डोक्यात असलं की निम्म्या 'चुका' जातात. 'त्सु' ने संपणारं वाचन क, स, त, ह यांच्याआधी आलं की पुढचं व्यंजन दुप्पट होतं: हात्सु + केन = हाक्केन (शोध), शुत्सु + सेकि = शुस्सेकि (हजेरी). 'ह' असेल तर 'प्प': हात्सु + ह्योउ = हाप्प्योउ (सादरीकरण). 'कु' ने संपणारं बहुतेक फक्त 'क' च्या आधी जुळतं: गाकु + कोउ = गाक्कोउ (शाळा), पण गाकुसेइ तसंच राहतं. रोप्प्याकु (सहाशे) अपवाद, पाठ करा. कुन शब्दांत दुसऱ्याची सुरुवात बऱ्याचदा घोष होते, ते तेगामीत दिसलंच: कामीचं गामी.

कोरी_पाटी
सर्वांचे आभार, वहीची पानं आखायला घेतली. दोन शंका. वाचनं देवनागरीत लिहिली तर चालेल का? लवकर लिहून होतात. आणि फुरीगाना (कांजीशेजारी बारीक अक्षरात दिलेलं वाचन) असलेला मजकूर वाचावा की बिनफुरीगानाचा?

उभा_दांडा
देवनागरीत नको. आपला 'ओ' एकाच लांबीचा. कोको (इथे) आणि कोउकोउ (हायस्कूल) दोन्ही 'कोको' लिहून मोकळे व्हाल, आणि टंकताना एक 'उ' कमी पडला की हवी ती कांजी यादीत येतच नाही. वाचन हिरागानात, अर्थ मराठीत.

टिपकागद
फुरीगाना असलेला मजकूर वाचा, पण डोळा आधी कांजीवर जाईल अशी सोय करा, नाहीतर तीन महिने कानाच वाचत राहाल. छापील पानावर आडव्या ओळीत फुरीगाना वर असतो, उभ्या ओळीत उजवीकडे. त्यावर कागदाची पट्टी ठेवा आणि अडलं की सरकवा. पडद्यावर वाचत असाल तर फुरीगाना लपवायची सोय असलेला मजकूर निवडा. माणसांची नावं सध्या सोडून द्या. त्यांची वाचनं अंदाजाने लागत नाहीत, जपानी अर्जांतसुद्धा नावाशेजारी फुरीगानाचा रकाना असतो.

निशाचर७
फोनवर शिकणाऱ्यांसाठी एक. जपानी आणि चिनीतल्या बऱ्याच अक्षरांना संगणकात एकच क्रमांक आहे, रूप फाँट ठरवतो. फोनच्या भाषायादीत जपानी नसेल तर काही कांजी चिनी वळणाच्या दिसतात. तपासायला 'नाओसु' (दुरुस्त करणे) टंका: डावीकडे खाली काटकोनात वळणारी रेघ दिसली तर फाँट जपानी, नुसती सपाट आडवी रेघ दिसली तर चिनी. उपाय: सेटिंगमध्ये भाषायादीत जपानी जोडा आणि चिनी असेल तर तिच्या वर ओढा. आन्कीत कार्डाच्या साच्यात भाषा जपानी अशी नमूद करा किंवा जपानी फाँट घाला. हे वही आखण्याआधी करा. चुकीचं रूप उतरवून घेतलंत तर कार्डावर एक आणि पुस्तकात दुसरंच दिसेल.

कोरी_पाटी
तपासलं, सपाट रेघ होती. भाषायादीत जपानी वर ओढल्यावर काटकोन आला. आता 'सेइ' चं पान.